माझी मतं, तिचा आवाज

भरितात टोमॅटो म्हणजे मांडवात शिरलेला पोलीस. हे वाक्य जळगाव-धुळ्याकडे आता बऱ्याच लोकांना पाठ आहे. कुणी ते स्टेटसला ठेवतं, एका ढाब्यानं तर म्हणे भिंतीवर रंगवून घेतलंय. वाक्य माझं आहे. लॅबच्या मागच्या खोलीत डबा खाता खाता एका दुपारी मी ते फोनवर एका बाईला सांगितलं होतं. ती बाई माझी मैत्रीण, आणि लोकांच्या लेखी वाक्य तिचं.

आमची ओळख धुळ्यातल्या मुलींच्या वसतिगृहातली. मी यावल तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली, ती शिंदखेड्याकडची. मी बोलायचे नाही आणि ती थांबायची नाही. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या कॉटवर येऊन बसली आणि विचारलं, दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसतेस, त्यात असतं तरी काय. मी सांगायला लागले. मला वाटलं होतं दोन मिनिटांत उठेल. ती उशी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत ऐकत बसली, आणि मधेमधे नेमकं असं काही विचारत होती की पुस्तक वाचताना मलाही जे दिसलं नव्हतं ते सांगताना दिसायचं. तेव्हापासून तसंच चाललं. आम्ही सिनेमाला जायचो, परत येताना ती आधी मला विचारायची, "कसा वाटना वं पिक्चर?" मी सांगेपर्यंत स्वतः काही बोलायची नाही. मला तो मान वाटायचा.

माझं लग्न होऊन मी जळगावला आले, ती धुळ्यातच राहिली, देवपुरात. तिच्या नवऱ्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. सकाळची उपाशीपोटी रक्त देणाऱ्यांची गर्दी ओसरली, नमुने मशीनला लागले की मला थोडा निवांतपणा मिळतो. त्या वेळेला तिचा फोन यायचा. ती फोन ओट्यावर उभा करून ठेवायची, मागे फोडणीचा आवाज, आणि मी बोलायचे.

माझी मतं बरीच आहेत, आणि ती ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. नवऱ्याला क्रिकेट आणि झोप या दोन गोष्टी आवडतात. लॅबमध्ये कुणी मला कधी विचारलं नाही की मॅडम, तुम्हाला कोणता सिनेमा आवडतो. त्यामुळे मी सगळं तिलाच सांगायचे. ज्या मालिकेत कधी कुकरची शिट्टी होत नाही तिथल्या घरात कुणी जेवत नाही, आणि जे घर जेवत नाही त्याच्या भांडणावर माझा विश्वास बसत नाही. सिनेमात हिरो पोटापाण्यासाठी काय करतो हे मध्यंतरापर्यंत कळलं नाही तर दिग्दर्शकालाही ते ठाऊक नसतं. जाड पुस्तकापेक्षा बारीक पुस्तक लिहायला जास्त दिवस लागत असावेत. शेवभाजीत शेव आधी टाकून उकळणाऱ्याला शेवभाजी नको, पिठलं हवं असतं. आणि आणखी एक मत, जे जळगावात राहून मोठ्यानं बोलायची सोय नाही: शेवभाजी धुळ्याचीच चांगली.

ती हसायची. "फिरी सांग," म्हणायची, म्हणजे परत सांग. मी परत सांगायचे, दुसऱ्यांदा थोडं बरं जमायचं.

टाळेबंदीत सगळे घरात अडकले तेव्हा तिच्या मुलीनं तिचा उडदाची डाळ घोटतानाचा व्हिडिओ काढून टाकला. लोकांना आवडला. मग बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, मग कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरीचा. सुरुवातीला नुसते हात दिसायचे. नंतर चेहरा आला. मग ती बोलायला लागली, अर्धं अहिराणीत, अर्धं मराठीत, जशी बोलते तशीच. आणि हात कणकेत असताना माणूस किती वेळ कणकेबद्दल बोलणार? ती सिनेमांबद्दल बोलायला लागली. मालिकांबद्दल बोलायला लागली.

कुकरच्या शिट्टीचं वाक्य मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला आनंदच झाला, हे खरं सांगते. लॅबमध्ये रक्त घेणारी मुलगी मोबाईल पाहून खिदळत होती. मी विचारलं तर तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली, आणि तिथं माझी मैत्रीण भाकरी थापता थापता माझं वाक्य बोलत होती. मी म्हणणार होते की हे माझं आहे. म्हणाले नाही, कारण ऐकताना माझ्या लक्षात आलं की ते तिच्या तोंडी जास्त शोभतंय. "जेवत नाही" म्हणताना ती भाकरी उलटते आणि क्षणभर थांबते. तो थांबा माझ्या वाक्यात नव्हता.

त्या दिवशी फोनवर मी गमतीनं म्हणाले की आता मला मानधन सुरू कर. ती हसली, म्हणाली तुझंच तर आहे सगळं. मला वाटलं, चला, हिला माहीत आहे एवढं पुरे.

पुरे नव्हतं. हळूहळू माझं मन बिघडत गेलं. तिचा नवा व्हिडिओ आला की मी आधी त्यात माझं काय काय आहे ते शोधायचे. माझं काही सापडलं तर जीव जळायचा. नाही सापडलं तर अजून जळायचा, म्हणजे हिचं माझ्याशिवायही चालतं. भरिताचा व्हिडिओ आला तेव्हा तर मी नवऱ्याशी भांडले, त्याचा काही संबंध नसताना. भरीत आमचं. यावल-बामणोदकडची हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचलेली, वर कांद्याची पात. ही शिंदखेड्याची बाई, हिच्या माहेरी वांग्याची भाजी व्हायची, भरीत तिनं पहिल्यांदा खाल्लं ते माझ्या घरून आलेल्या डब्यातलं. आणि ती लोकांना सांगत होती की भरितात टोमॅटो म्हणजे काय. नवरा म्हणाला, मग तू का नाही करत व्हिडिओ. मी म्हणाले, मला काय गरज. खरं तर मी दार लावून एक करून पाहिला होता. त्यात मी रिपोर्ट वाचून दाखवल्यासारखी बोलत होते. तो पुसून टाकला.

तिनं माझा उल्लेख एकदाच केला. शेवभाजीच्या व्हिडिओत ती म्हणाली, माझी एक जळगावची मैत्रीण आहे, तीसुद्धा म्हणते की शेवभाजी धुळ्याचीच. खाली जळगावच्या लोकांनी त्या मैत्रिणीचा जो उद्धार केला तो मी सगळा वाचला. एवढी मतं दिली, नाव लागलं ते शिव्या खायच्या मताला.

तरी फोन चालू होते. मी बोलायचं थांबवलं नव्हतं. आता वाटतं तेव्हाच थांबवायला हवं होतं, पण थांबवून ती मतं मी कुठं ठेवणार होते?

मग गेल्या वर्षी धुळ्यातल्या एका लहानशा वाचनालयानं तिला वर्धापनदिनाला पाहुणी म्हणून बोलावलं. तिनं मला आग्रहानं बोलावून घेतलं. म्हणाली, पुस्तकांच्या लोकांमध्ये माझी छाती धडधडते, तू समोर बस. मी रजा टाकली, एसटीनं पारोळ्यावरून धुळ्याला गेले, आणि दुसऱ्या रांगेत बसले. ती मोरपंखी साडीत आली. लोक उठून तिच्यासोबत फोटो काढत होते. मला पाहून तिनं हात हलवला आणि शेजारच्या बायकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला ते आवडलं, हेही सांगून टाकते.

प्रश्न विचारणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. स्वयंपाकाचे, सिनेमाचे प्रश्न झाले, लोक हसले. मग त्यांनी विचारलं, ताई, तुमचं सगळ्यांत आवडतं पुस्तक कोणतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि मग तिनं माझी गोष्ट सांगायला सुरुवात केली.

ती गोष्ट आधी मी सांगते, जशी माझ्याकडे आहे तशी. माझी आई केळीच्या बागांत मजुरीला जायची. केळीच्या चिकाचे काळे डाग तिच्या सगळ्या लुगड्यांवर असायचे, ते कशानं जात नाहीत. तिला वाचता येत नव्हतं. मी शाळेच्या कपाटातून पुस्तकं आणायचे आणि संध्याकाळी ती चुलीपाशी बसली की तिला वाचून दाखवायचे. एकदा एक जाड कादंबरी आणली. एक बाई असते, तिचे हाल हाल होतात, घर सुटतं, मूल जातं. आई रोज विचारायची, आज काय झालं तिचं. शेवटाला आलो आणि पाहते तर शेवटची पानंच नाहीत, कुणीतरी फाडलेली. ती बाई नदीच्या काठावर उभी आहे आणि पुस्तक संपलं. मी म्हटलं, आई, पुढचं नाही. आई पिठाचे हात तसेच धरून बसली. मग म्हणाली, "अशी कशी सोडाची तिले? आनू तिले घरी." आणि तिनं पुढचं सांगितलं. ती बाई नदीवरून वळते, रस्त्याला लागते, यावलच्या स्टँडवर उतरते, आणि विचारत विचारत आमच्या घरी येते. आई तिला माझ्या शेजारी झोपायला जागा देते.

कॉलेजात असताना धुळ्याच्या वाचनालयात मला ती कादंबरी शेवटच्या पानांसह सापडली. त्यात ती बाई नदीत जीव देते. मी पुस्तक परत केलं. माझ्यासाठी आईचा शेवटच खरा राहिला, आणि त्याच शेवटामुळे ते माझं सगळ्यांत आवडतं पुस्तक आहे. आई तोवर गेली होती. ही गोष्ट मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली.

तर ते माणूस व्यासपीठावर बसून म्हणत होतं, "मन्ही माय कापूस वेचायला जायची." केळीचा कापूस केला होता, कारण शिंदखेड्याकडे केळी नाही. बाकी सगळं तेच. चूल तीच, फाटकी पानं तीच, नदी तीच. यावलच्या जागी तिच्या गावचा फाटा. तिची स्वतःची आई तिकडे गावी धडधाकट आहे, सूनबाईंना पुरून उरलीय.

 शेवटी ती म्हणाली, आईनं त्या बाईला घरी आणलं, आणि त्या दिवशी परातीत पीठ वाढवलं. एक भाकरी जास्त टाकली. तिच्यासाठी.

 पहिल्या रांगेतले एक आबा चष्मा काढून पुसत होते. शेजारची बाई पदरानं डोळे टिपत होती. आणि मीही रडले. जास्तीची भाकरी माझ्या गोष्टीत नव्हती. ती तिनं टाकली होती. तिच्या चोरीपेक्षा मला ती भाकरी जास्त लागली. मी इतकी वर्षं ती गोष्ट मनात बाळगून होते, आणि मला कधी सुचलं नाही की आलेल्या माणसाला आई जेवायला घालेल.

कार्यक्रमानंतर तिच्या घरी गेलो. तिचा नवरा दुकानात, मुलगी क्लासला.  साडी न बदलता तिनं खिचडी टाकली, पापड भाजले, ताट माझ्यापुढे ठेवलं. मी हात लावला नाही.

"ती माझी आई होती," मी म्हणाले.

तिनं कांगावा केला नाही. खाली बघून म्हणाली, "हा. तुन्हीच माय."

मग तिनं सांगितलं. प्रश्न आला आणि तिचं डोकं रिकामं झालं. एवढे वाचणारे लोक समोर, आणि तिनं आयुष्यात धड एक पुस्तक वाचलेलं नाही. जी माहीत आहेत ती मी सांगितलेली. त्यातलं एकच तिला खरोखर आपलं वाटायचं, ते हे. माझी एक मैत्रीण आहे, असंच म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं, पण तोंडातून निघालं माझी आई. एकदा निघाल्यावर मागे वळता आलं नाही. मी म्हणाले, वळता आलं असतं, तुला वळायचं नव्हतं. ती म्हणाली, हो, नव्हतं, लोक ऐकत होते.

मी विचारलं, ती भाकरी कुठून आणलीस, तसं काही झालं नव्हतं.

तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. "तूच सांगेल व्हतं माले."

मी म्हणाले, शक्य नाही. ती म्हणाली, वसतिगृहात मला ताप आला होता, तू रात्रभर उशाशी बसून ती गोष्ट परत सांगितलीस, तेव्हा भाकरीचं सांगितलंस, म्हणूनच माझ्या लक्षात राहिलं. मी पुन्हा म्हणाले, खोटं आहे.  मग मी पर्स उचलली आणि स्टँडवर गेले. ती जिन्यापर्यंत आली, पुढे आली नाही.

वाचनालयाच्या लोकांनी तो भाग इंटरनेटवर टाकला. दोन-तीन दिवसांत माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. तो अजून गावीच असतो, केळीची गाडी चालवतो. मी ओळखलं की तो चिडलेला असणार, आणि मला बरं वाटलं, कारण आता माझ्या बाजूनं कुणीतरी चिडणार होतं. पण तो चिडला नव्हता. त्यानं तो व्हिडिओ बायकोला दाखवला होता, मुलांना दाखवला होता. त्यानं विचारलं, ताई, कापूस का म्हटलं तिनं? मी म्हटलं, मला काय माहीत.

"पन भाकरीचं बरोबर सांगितलं," तो म्हणाला. "आई टाके ना एक जास्त. ते पुस्तकातल्या बाईची म्हने. सकाळी मी खाये ती."

 मला आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. म्हणजे मी ते कधीतरी पाहिलं, तिला सांगितलं, आणि विसरले. माझ्या आईची ती भाकरी भावाच्या पोटात होती आणि मैत्रिणीच्या डोक्यात होती, आणि माझ्याकडे नव्हती. मतं गेली होती तेव्हा मी जळत होते, पण तेव्हा निदान एवढं होतं की मूळ माल माझा आहे. आता तेही राहिलं नाही. तिच्यापाशी माझी आई माझ्यापेक्षा थोडी जास्त होती.

त्यानंतर आठवडाभरानं तिनं एक व्हिडिओ टाकला. मला विचारलं नाही. त्यात चूल नाही, परात नाही, ती साध्या गाऊनवर खुर्चीत बसून सरळ बोलत होती. म्हणाली, परवा मी जी गोष्ट सांगितली ती माझ्या आईची नाही, माझ्या मैत्रिणीच्या आईची आहे. माझी आई गावी आहे, बरी आहे. टोमॅटोचं वाक्यही त्या मैत्रिणीचंच. कुकरचंही. मी नुसती बोलते, मला माफ करा.

मला वाटलं होतं हे ऐकून माझा जीव निवेल. पण खाली लोकांनी लिहिलं होतं, अशी खरं बोलणारी बाई पाहिली नाही. ताई, तुमच्या मनाच्या मोठेपणाला सलाम. कबूल करायला वाघिणीचं काळीज लागतं. तिचा आतापर्यंतचा सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच झाला. तिनं चोरलं तेव्हाही टाळ्या तिला, आणि परत केलं तेव्हाही तिलाच. मी ते सगळं वाचत बसले आणि मशीनला लावलेले नमुने माझी वाट पाहत राहिले.

लॅबमध्ये कळलं तेव्हा रक्त घेणाऱ्या मुलीनं विचारलं, मॅडम, त्या मैत्रीण म्हणजे तुम्हीच का? डॉक्टरही बाहेर येऊन हसून गेले. दुपारपर्यंत मी फार खुशीत होते. मग त्या मुलीनं हळूच विचारलं, व्हिडिओवाल्या ताई कधी जळगावला आल्या तर लॅबमध्ये येतील का, एक सेल्फी घ्यायचाय.

लोक तिच्या मागे लागले होते की त्या मैत्रिणीला दाखवा. तिनं फोन केला. बऱ्याच दिवसांनी आवाज ऐकला. तिनं विचारलं, "तुले अजून राग शे का?" मी म्हणाले, आहे. ती म्हणाली, मग रागातच भरीत करू, मी जळगावला येते. मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मलाही एकदा त्या चौकटीत दिसायचं होतं.

हिवाळ्यात ती आली. बामणोदची वांगी मी आणून ठेवली होती. गच्चीवर काड्या पेटवल्या, वांगी भाजायला टाकली. तिच्या मुलीनं मोबाईल उभा केला आणि मी लाकडासारखी झाले. मैत्रीण विचारत होती, हसत होती, धुरानं डोळे चोळत होती, मी मात्र "वांगी सर्व बाजूंनी समान भाजावीत" असं बोलत होते. टोमॅटोचं वाक्य मी स्वतः म्हणावं असं ठरलं होतं. मी म्हणाले. कुणी हसलं नाही. मी परत म्हणाले. शेवटी तिनंच म्हटलं आणि काड्या धरणारा माझा नवरासुद्धा हसला. तो व्हिडिओ आल्यावर खाली एकानं विचारलं होतं, शेजारच्या ताई परीक्षा घ्यायला आल्यात का. माझी मुलगी ते मोठ्यानं वाचून लोळण घेत हसली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "आई, तू मावशीशी फोनवर बोलतेस तशी बोल ना." मी तिला सांगितलं की फोनवर मी फक्त मावशीशी बोलत असते.

भरीत मात्र उत्तम झालं होतं. कळण्याच्या पुऱ्या होत्या. जेवण झाल्यावर ती माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभी राहिली. म्हणाली, आता जिथं जावं तिथं लोक पुस्तकांचंच विचारतात, आणि मला वाचायला जमत नाही, पान उलटलं की मागचं विसरते.  मग ती म्हणाली, "एक दे. बारीक दे. आणि यावेळी मध्ये काय शे ते सांगू नको."

मी तिला एक लहानसं पुस्तक दिलं. दोन बहिणींची गोष्ट आहे. थोरली लग्न न करता धाकटीला वाढवते, तिचं लग्न लावते, पुढे तिचा संसारही सांभाळते. ते माझं फार लाडकं पुस्तक. थोरलीसारखी माणसं जगात असतात म्हणून जग चालतं, असं माझं त्यावरचं मत आहे, आणि ते मी तिला सांगितलं नाही. तिला पुस्तक देताना मला सांगायची एवढी हुक्की आली होती की जीभ दातांखाली धरावी लागली.

बरेच दिवस काही कळलं नाही. मी मनात म्हणत होते, नाही झालं हिच्यानं. मग एका दुपारी नेहमीच्या वेळी फोन आला. फोडणीचा आवाज नव्हता. ती म्हणाली, वाचलं. मी विचारलं, कसं वाटलं? विचारता विचारता लक्षात आलं की हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारतेय.

"थोरली लबाड शे," ती म्हणाली.

मी म्हटलं, काय? ती सांगायला लागली. थोरली सगळं करते खरी, पण धाकटीला काही येऊ देत नाही. धाकटी चूल पेटवायला जाते तिथं थोरली तिच्या हातातून काडेपेटी काढून घेते, म्हणते तुझे डोळे चुरचुरतील. धाकटी पत्र लिहायला बसते तर थोरली म्हणते, तू सांग, मी लिहिते. शेवटी धाकटी रडते ते सगळे म्हणतात उपकारांच्या ओझ्यानं, पण तिला तर रागानं रडू येत होतं. मैत्रीण म्हणाली, पुस्तक लिहिणाऱ्या बाईनं हे उघड लिहिलं नाही, पण लिहिलंय.

मी तिच्याशी भांडले. म्हटलं तू नीट वाचलं नाहीस, घाईनं वाचलंस, थोरलीच्या मनातलं तुला कळलं नाही. ती आधीसारखी गप्प ऐकून घेईल असं मला वाटलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नही. माले असंच वाटस." आणि फोन ठेवला, रागानं नाही, दूधवाला आला होता म्हणून.

संध्याकाळी घरी आल्यावर मला ते पुस्तक बघायचं होतं, पण ते तिच्याकडे. दुसऱ्या दिवशी लॅबमधून सुटल्यावर वाचनालयातून दुसरी प्रत आणली आणि पायरीवरच उभी राहून काडेपेटीची जागा काढली. मग पत्राची. मी ते पुस्तक किती वेळा वाचलंय, आणि दर वेळी त्या जागांवरून डोळे पुसत पुढे गेलेय. तिचं बरोबर आहे. आयुष्यात तिनं स्वतः वाचलेलं हे पहिलं पुस्तक, आणि त्यात तिला ते दिसलं. आतून जे काही चावलं ते टोमॅटोच्या वेळेपेक्षा, भाकरीच्या वेळेपेक्षाही खोल चावलं, कारण यात माझं काहीच नव्हतं, सगळं तिचं होतं.

मी तिला अजून सांगितलेलं नाही की तू बरोबर होतीस. रविवारी ती पुस्तक परत द्यायला येणार आहे, आणि तिला दुसरं हवंय. मी कपाटापुढे बऱ्याच वेळा उभी राहिले. जे मला सगळ्यांत जास्त आवडतं, आईला वाचून दाखवलेलं, पुढे मी स्वतः विकत घेतलेलं, ते वरच्या कप्प्यात आहे. ते तिला द्यायचा धीर होत नाही.